ओपन स्पेसमधली बिळं

हे प्रकरण सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या एका तालुक्याच्या गावातलं. गावाचं नाव देत नाही, कारण यात ज्यांच्या चुका येतील ते माझे रोजचे शेजारी आहेत, आणि दोन मोठ्या चुका तर माझ्याच आहेत. मी कृषी खात्यात नोकरी केली. बांधावर उभं राहून बिळं मोजणं आणि शेतकऱ्यांना उंदरांबद्दल सांगणं यात बरीच वर्षं गेली. त्यामुळे कॉलनीत उंदीर झाले तेव्हा लोक माझ्याकडे आले आणि मलाही वाटलं, हे काम आपल्या हातचं आहे. ते तसं नव्हतं. शेतातल्या बिळाला मालक असतो. कॉलनीतल्या भिंतीला दोन मालक असतात आणि तिच्याखालच्या बिळाला एकही नसतो.

जागा

आमची कॉलनी म्हणजे पंचवीसेक वर्षांपूर्वीचं कापसाचं रान. एन.ए. (बिगरशेती) होऊन ४६ प्लॉट पडले, त्यांतल्या ४१ प्लॉटांवर घरं आहेत. जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि या फुगण्या-आकसण्यात कंपाउंडच्या भिंती, गटारीचे चेंबर, ओट्यांच्या फरश्या दरवर्षी थोड्याथोड्या हलतात. मुरमाड जागेत घुशीला बीळ करायला कष्ट पडतात. इथे निम्मं काम जमिनीनेच करून ठेवलेलं असतं.

पूर्वेला अजून शेत आहे. पश्चिमेला नाला, नाल्यापलीकडे एक जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना), म्हणजे हंगामात सरकीचे ढीग. मधोमध ओपन स्पेस. लेआउट मंजूर करून घेताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. अशा ओपन स्पेसवर काही वर्षांत एखादं मंदिर उभं राहतंच, तसं आमच्याकडे महादेवाचं आहे. पुढे शहाबादी फरशीचा ओटा आणि बाजूला निंबाचं झाड. घरांच्या मागच्या भिंतींमध्ये तीन फुटांचा बोळ सुटलेला आहे. त्यात कोणी जात नाही, पण प्रत्येकाने काहीतरी टाकलेलं असतं: पाइपांचे तुकडे, विटा, पत्रे, जुने कूलर. कूलरकडे लक्ष द्या. आपल्याकडे चैत्रापासून मृगापर्यंत कूलरशिवाय जगता येत नाही आणि पाऊस पडला की तो जिथे असतो तिथेच झाकून ठेवला जातो. आतलं वुडवूल, म्हणजे लाकडाचा बारीक भुसभुशीत कीस, तसंच. उंदरीला बाळंतपणासाठी याहून मऊ, कोरडी आणि आडोशाची जागा कोणी मुद्दाम केली असती तरी जमली नसती.

नाल्याच्या टोकाला जिभाऊंचं घर. दोन म्हशी, एक पारडू, ढेप आणि कडबा. त्यांचं नाव लवकर येतं, कारण प्रकरणात सगळ्यांत आधी बोट त्यांच्याकडेच गेलं.

तक्रार

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. डॉक्टरांची कार आठ-दहा दिवस उभी होती. बॉनेट उघडलं तर वायरिंगची कुरतडलेली टोकं आणि इंजिनवर शेंगांची टरफलं. आक्कांनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी चार जणी बोलावून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, केले होते. नातवंडांना पाठवायचे म्हणून प्लास्टिकच्या टाकीत बांधून माळ्यावर ठेवलेले. टाकीला खालून मुठीएवढं भोक पडलं आणि बिबड्यांचा नुसता चुरा उरला. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. त्यामुळे दात झिजण्याची काळजी त्याला नसते आणि प्लास्टिक त्याच्यापुढे टिकत नाही. आक्कांच्या सासूबाईंच्या काळातला पत्र्याचा डबा त्याच माळ्यावर होता, त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर झाली. जमिनीवर गादी टाकून झोपलेल्या एका सहा वर्षांच्या मुलाच्या पायाच्या बोटाला रात्री उंदीर चावला. जखम साबणाने नीट धुतली, दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, पोरगं चार दिवसांत खेळायला लागलं. पण त्या रात्रीनंतर कॉलनीत कोणाला नीट झोप नव्हती.

दिवाळीनंतरच का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. पावसात शेतातली आणि नाल्याकाठची बिळं भरतात, तेव्हा उंदीर उंचवट्याकडे सरकतात. उंचवटा म्हणजे घरांचे जोते. मग आश्विन-कार्तिकात ज्वारी-बाजरी कापून होते, रान मोकळं पडतं, खाणं आणि आडोसा दोन्ही संपतात. त्याच सुमारास घराघरांत नवं धान्य येतं आणि जिनिंग सुरू होतात. भर म्हणून आमचाच एक पराक्रम होता. त्या श्रावणात कॉलनीत दोन धामणी निघाल्या आणि दोन्ही मारल्या गेल्या. धामण बिनविषारी असते, मुख्यतः उंदरांवर जगते आणि थेट बिळात शिरू शकते. मी त्या दिवशी गावात नव्हतो, असं मी सगळ्यांना सांगतो. एका धामणीच्या वेळी खरोखरच नव्हतो.

ज्याचं त्याने

पहिले काही आठवडे प्रत्येकाने आपापलं पाहिलं. कोणी पिंजरा आणला. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मारवत नाही म्हणून सकाळी फिरायला जाताना नाल्यावर सोडायचा. नाल्याजवळच्या लोकांनी हे पाहिलं आणि एके दिवशी नळावर भांडण झालं.

"तुन्हा घरना उंदीर मन्हा घरमा येतस!"

"उंदीरस्ले मी काय पत्ता दिना का?"

ऐकणारे हसले, पण मुद्दा बरोबर होता. एवढ्याशा अंतरावर सोडलेला उंदीर परत येतो, नाहीतर वाटेत पहिलं घर लागेल तिथे शिरतो.

कोणी चिकट पुठ्ठे आणले. त्यावर अडकलेलं जनावर तासन्‌तास ओरडत राहतं. एका पुठ्ठ्यावर तर उंदराऐवजी चिचुंद्री मिळाली. चिचुंद्री उंदरांच्या जातीची नाही. ती झुरळं आणि किडे खाते, तिच्या अंगाला उग्र वास येतो, नाक सोंडेसारखं लांब असतं. तिला मारून उंदीर एकाने कमी होत नाही, झुरळं मात्र वाढतात.

दोन गोष्टींनी मला घाम फुटला. एका घरात दुकानातून आणलेली विषारी पेस्ट पोळीच्या तुकड्याला लावून ओट्याखाली ठेवली होती आणि त्याच ओट्यावर पोरं खेळत होती. अशा काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेला की सुरुवातीला उलट्या होतात, मग एखाद-दोन दिवस माणूस बरा वाटतो, आणि नंतर यकृत निकामी होतं. त्यावर उतारा नाही. आधीच्या बऱ्या वाटण्यानेच घरची माणसं फसतात आणि दवाखान्यात न्यायला उशीर होतो.

दुसऱ्या घरातला मुलगा धान्यात ठेवायच्या गोळ्या घेऊन आला होता. झोपायच्या खोलीच्या भिंतीलगत बीळ होतं, त्यात दोन गोळ्या टाकून वरून माती लावायचा बेत. या गोळ्यांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. बिळाचं दुसरं तोंड कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं. काळ्या मातीवरच्या घरात तर जोत्याला, भिंतीला, फरशीला भेगा असतातच. तो वायू बिळातून खोलीत येऊ शकतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येईलच असं नाही. यालाही उतारा नाही. परवान्याखालच्या प्रशिक्षित माणसांशिवाय या गोळ्या वापरायच्याच नसतात, तरी त्या मिळतात. मी त्याच्या हातातून डबी घेतली तेव्हा तो म्हणाला, "काका, गव्हात तर सगळेच टाकतात." तेही खरं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

माझी पहिली चूक

लोक आता माझ्याकडे आले. मी शेतातली सवय घेऊन उतरलो. भरडलेली ज्वारी, थोडं तेल आणि झिंक फॉस्फाइड. हे विष द्यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतंच बिनविषारी आमिष ठेवायचं असतं, म्हणजे उंदीर सरावतात. उंदीर नव्या गोष्टीला बिचकतो. त्याला उलटी होत नाही, म्हणून तो अनोळखी खाणं आधी चाखून पाहतो, थांबतो, आणि काही झालं नाही तरच पोटभर खातो. हे सगळं मी शेतकऱ्यांना शेकडो वेळा सांगितलेलं. पण तुळशीची लग्नं लागली होती, घराघरांत पाहुणे येणार होते, लोक घाईवर आले होते. मी बिनविषारी आमिष एकच रात्र ठेवलं आणि दुसऱ्या रात्री विष.

सकाळी १७ उंदीर मेलेले सापडले. चहाच्या टपरीवर माझं कौतुक झालं. तिसऱ्या रात्री दोन मिळाले, चौथ्या रात्री एकही नाही. बिळांची तोंडं मात्र ताजी होती. झिंक फॉस्फाइड काही तासांतच लागतं. ज्याने थोडंच खाल्लं आणि जो वाचला, त्याच्या डोक्यात ती चव आणि ते दुखणं यांची गाठ बसते. मग तो त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. मी १९ उंदीर मारले आणि उरलेल्यांना शहाणं केलं.

मेलेला एक उंदीर खाऊन डॉक्टरांच्या शेजारची मांजर मेली. ती रोज दोन-चार उंदीर मारत होती. म्हणजे हिशेब कुठे गेला ते पाहा. घुशीची किंवा काळ्या उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं देते आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. खाणं आणि जागा शाबूत असेल तर १९ ची भर पडायला वेळ लागत नाही. माघात बिळं आधीपेक्षा जास्त दिसू लागली.

मेलेले उंदीर उकिरड्यावर फेकलेले पाहून नाना फार अस्वस्थ झाले. नाना उमेदीत सुरतेला उधन्यात कापडाच्या कारखान्यात होते. आपल्याकडचा प्रत्येक तिसरा माणूस कधीतरी सुरतेला होताच. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली तेव्हा ते बायको-पोरांना घेऊन भरल्या गाडीतून गावी आले. गावकऱ्यांनी त्यांना काही दिवस घरात न घेता मळ्यात ठेवलं होतं. "उंदीर पडाले लागनात का माणसं पडतस," एवढंच ते म्हणाले. त्यांचं म्हणणं पूर्ण लागू नव्हतं, कारण आमचे उंदीर विषाने मेले होते. पण मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा अंग गार पडलं की दुसरं ऊबदार अंग शोधतात आणि प्लेग एका अंगातून दुसऱ्यात जातो तो अशाच पिसवांतून, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं होतं. मेलेला उंदीर शेपटीला धरून भिरकावणं बंद झालं ते नानांमुळे. पुढे आम्ही हातमोजे, पिशवी, फूटभर खोल खड्डा आणि वर चुना, असा शिरस्ता ठेवला.

मोजणी

विषाची पुडी बाजूला ठेवून मी मोजायला बसलो. हे आधी करायला हवं होतं. रीत साधी आहे. संध्याकाळी दिसेल ते प्रत्येक बीळ चिखलाने बुजवायचं, शेजारी चुन्याची खूण करायची आणि सकाळी उजाडताच पाहायचं. जे उकरलेलं दिसेल ते जिवंत, बाकीची रिकामी. बिळं बुजवायला मुलं लावली. चिखलात हात घालायला मिळतो म्हटल्यावर पोरं न बोलावता आली. ७३ बिळं बुजवली. सकाळी ४८ उघडी होती.

ती कुठे होती हे सांगायच्या आधी बैठकीत काय चाललं होतं ते सांगतो. मंदिरात जमलेल्या तिसेक जणांपैकी बहुतेकांचं मत एकच होतं: म्हशी हलवा. ढेपेचा वास, कडबा, शेण, उंदीर येणारच. जिभाऊ मागे खांबाला टेकून बसले होते. एका शब्दाने बोलले नाहीत. मुलांनी वहीत लिहिलेले आकडे मी वाचले. ओपन स्पेसमध्ये २१. बंद बंगल्याच्या भिंतीलगत ११. मागच्या बोळात ९. चार इकडे-तिकडे. आणि गोठ्याभोवती तीन.

मंदिरात थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग जिभाऊ म्हणाले, "चला, गोठा देखी ल्या." आम्ही गेलो. ढेप लोखंडी पिंपात, झाकणावर दगड. गव्हाणीत उरलेलं रात्रीच उचललेलं. खाली फरशी आणि ती रोज पाण्याने धुतलेली. कडब्याची गंजी जमिनीवर नव्हती, विटांवर फळ्या टाकून वर रचलेली. दारात दोन कुत्री आणि एक बोका. वडिलांच्या वेळेपासून असंच आहे, म्हणाले. धान्यावर ज्याचं पोट चालतं त्याला उंदीर माहीत असतो. आम्ही तो नोकरीत विसरलो होतो.

ओपन स्पेसमध्ये २१ बिळं का, हे कळायला मला पहाटे साडेपाचला ओट्यावर जाऊन बसावं लागलं. पावणेसहापासून माणसं यायला लागली. फिरायला येणारे, देवाला येणारे. जवळपास प्रत्येकाच्या हातात पिशवी. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, कालची पोळी चुरून. सगळं पाखरांसाठी. कबुतरं आणि चिमण्या खातील तेवढं खातात, उरलेलं फरशीच्या सांध्यांत जातं आणि रात्री घुशी ते वेचतात. ओट्याच्या फरश्या काळ्या मातीमुळे उचललेल्याच होत्या. खाली पोकळी, वर रोजचा शिधा. घूस बिळात धान्याचा साठाही करते. पुढे एक बीळ खणलं तेव्हा आत दोन ओंजळी ज्वारी निघाली, स्वच्छ, जणू निवडून ठेवलेली. त्या पिशव्यांतली एक पिशवी आमच्या घरची होती. बायको रोज न चुकता टाकत होती आणि मी रोज बिळं कशी वाढतात याचा विचार करत होतो.

घरांच्या आतला उंदीर वेगळा निघाला. ओळख पटवायला आम्ही दहा घरांच्या माळ्यांवर आणि गच्चीच्या जिन्यांत रांगोळीचे पट्टे टाकले. पीठ टाकलं तर तेच खाऊन जातात, म्हणून रांगोळी. सकाळी पावलं आणि मध्ये शेपटीची रेघ उमटलेली. घूस थोराड, आखूड तोंडाची, शेपूट अंगापेक्षा आखूड, बिळापुढे मातीचा उकीर करणारी. हा होता काळा उंदीर: सडपातळ, मोठ्या कानांचा, शेपूट अंगापेक्षा लांब. हा खालून येतच नव्हता. केबलच्या वायरी, मधुमालतीचे वेल, गच्चीला टेकलेली निंबाची फांदी, या वाटेने वर येऊन माळ्यावर उतरत होता. जमिनीवरच्या बिळांत विष टाकून याला काही फरक पडला नसता. एकाच शब्दाने आपण दोघांना उंदीर म्हणतो आणि एकाचं औषध दुसऱ्याला देतो.

बंद बंगला

बंगल्याचे मालक पुण्याला. आई होती तोवर येणं-जाणं होतं, नंतर तीन वर्षं कुलूप. फोनवर ते चांगलं बोलले. किल्ली मिळायला महिना लागला आणि शेवटी ती लग्नाला आलेल्या एका पाहुण्याच्या खिशातून आली.

आत गेलो तेव्हा तोंडाला ओला रुमाल बांधला होता आणि दारं-खिडक्या उघडून तासभर बाहेर थांबलो होतो. लेंड्यांचा थर कोरडा झाडायचा नसतो, धूळ नाकात जाते. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून, भिजू देऊन, मग पुसून काढायचा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. पाय-हात चिरलेले असतील तर तिथूनही जंतू शिरतो, म्हणून गमबूट आणि हातमोजे. एवढं करून स्वयंपाकघरात पोचलो तर तिथे पत्र्याची कोठी उभी होती. खालचं तोंड अर्धवट उघडं राहिलेलं. तीन वर्षांपूर्वीचे गहू. आईंनी वर्षाचे भरले असणार, निंबाचा पालाही घातला होता. त्याच्या काड्या शिल्लक होत्या. कोठीमागे एका जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं घरटं. मालकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दोन दिवस आलं नाही. मग आलं: "कोठी ठेवा, गहू टाका."

काम

बैठका तीन झाल्या. एकीत गणपतीचं वाहन मारायचं का, हा प्रश्न निघाला. शेठजींच्या घरी जीवहत्या चालत नाही, त्यांनी स्पष्ट सांगितलं की मारण्याच्या वर्गणीत आमचा रुपया नाही. मला तेव्हा राग आला. पण त्यांच्यामुळेच क्रम बरोबर लागला. ते म्हणाले, "खाणं बंद करायला आणि भोकं बुजवायला जे लागेल ते आम्ही देतो, मारायचं शेवटी ठरवा." मी उलट क्रमाने जाऊन एकदा तोंडावर आपटलोच होतो.

पाखरांना दाणे टाकणं बंद करा म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती. निंबाला साखळीने एक परात टांगली. दाणे तिच्यातच टाकायचे आणि नऊ वाजता उरलेले काढून परात पालथी करायची. पालथी करायचं काम आक्कांनी घेतलं. पहिल्या आठवड्यात दोन आजोबांनी रागाने फरशीवरच दाणे टाकले. आक्कांनी त्यांच्यासमोर ते झाडूने भरून घेतले. बोलल्या काहीच नाहीत.

ओट्याच्या फरश्या उचलून खाली मुरूम आणि खडी ठोकून भरली. बोळातली अडगळ भंगारवाल्याला दिली. कूलर उघडून वुडवूल जाळलं, चार कूलरांत घरटी होती. गच्चीला टेकणारे वेल आणि फांद्या हातभर मागे छाटल्या. ज्या फटीतून पेन्सिल जाते तिथून लहान उंदीर जातो, हे माप मुलांना दिलं आणि ती पेन्सिली घेऊन घरोघर फिरली. मोठ्या माणसांचं ऐकलं नसतं अशा घरांतही पोरांना आत घेतलं. भोकं सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालून बुजवली, दारांना खालून पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, गटारीच्या तोंडांना बारीक लोखंडी जाळ्या बसवल्या.

मग चाप. नवा चाप आणला की पाच-सहा रात्री तो न लावता, नुसतं खाणं ठेवून भिंतीलगत ठेवायचा. उंदीर भिंत धरून चालतो, खोलीच्या मध्ये ठेवलेला चाप शोभेचा. आमिष म्हणून भाजलेलं खोबरं चाललं, सुकट त्याहून जास्त. भजी चालत नाहीत, कडक होतात. घरातले बहुतेक काळे उंदीर असे गेले.

बाहेर उरलेल्या घुशींसाठी शेवटी ब्रोमाडायोलोनच्या वड्या वापरल्या. याने रक्त गोठत नाही आणि उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो. दुखणं आणि चव यांची गाठ त्याच्या डोक्यात बसत नाही, म्हणून बाकीचे बिचकत नाहीत. चुकून माणसाने किंवा कुत्र्याने खाल्लं तर व्हिटॅमिन के-वनचा उतारा आहे, हेही कारण होतं. वड्या उघड्यावर कुठेही ठेवल्या नाहीत. जळगाव जिल्ह्यात पीव्हीसी पाइपांच्या तुकड्यांना तोटा नाही. हातभर लांबीचे तुकडे बिळालगत आडवे बांधले आणि वडी मधोमध तारेने अडकवली. कुत्र्याचं तोंड तिथवर जात नाही आणि पोराचा हातही. शेठजींनी त्या दिवसांत मंदिराकडे येणं टाळलं, पण अडवलं नाही.

एका कार्यालयात अर्जही दिला होता. एकदा माणूस येऊन नाला पाहून गेला.

आकडे आणि माझी दुसरी चूक

होळीला मोजलं तेव्हा जिवंत बिळं १४ होती. मृगाच्या तोंडावर सहा. माळ्यांवरच्या रांगोळीत दहापैकी दोन घरांत पावलं उमटत होती आणि ती दोन्ही घरं वेल छाटू न देणाऱ्यांची होती. मधुमालतीला फुलं होती, त्यांचंही खरं.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दोन घरांत गटारीचं पाणी शिरलं. गटारीच्या तोंडाला मी फार बारीक जाळी बसवली होती. निंबाचा पाला आणि प्लास्टिक येऊन ती तुंबली. रात्री अकराला गुडघाभर पाण्यात उभा राहून पहारीने मी ती जाळी उचकटली. पैसे मी दिले, गाद्यांचे तरी. त्यानंतर बिजागरीची, उचलून साफ करता येणारी, जरा मोठ्या भोकांची जाळी बसवली. ती आठवड्याला कोण साफ करणार हा प्रश्न अजून दर आठवड्याला निघतो.

त्या पावसाळ्यात एक धामण पुन्हा दिसली, बोळात. काठ्या निघाल्या होत्या. यावेळी मी गावात होतो. जिभाऊंनी पोत्यात धरून तिला शेताकडे सोडली आणि म्हणाले, "जाय माय, पोट भर." जिनिंगच्या पडक्या गोदामात गव्हाणी घुबडांची जोडी आहे. मुलांना मी त्यांनी तोंडातून टाकलेले गोळे फोडून दाखवले, आत उंदरांच्या कवट्या आणि जबडे. घुबड अशुभ म्हणणारी आमची शेजारीण ते ऐकून म्हणाली, असू दे तिकडेच, पण तिकडेच. विषाच्या वड्या शेवटी आणि उरलेल्या घुशींपुरत्याच वापरायच्या यावर मी अडून बसलो त्याचं एक कारण ही जोडीही होती. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर ते विष घुबडालाही लागतं, आणि डॉक्टरांच्या शेजारची मांजर माझ्या डोळ्यांसमोर होती.

यंदाच्या दिवाळीत मोजणी झाली, नऊ बिळं. बंगल्याच्या मालकांनी कोठी पुण्याला नेली. आक्कांनी बिबडे पत्र्याच्या डब्यांत भरले आणि डबे कमी पडले म्हणून माझ्याकडून दोन नेले. परात नऊ वाजता पालथी होते, आक्का गावाला गेल्या की होत नाही.

पूर्वेच्या शेतात मागच्या सोमवारी जेसीबी आला. तिथेही प्लॉट पडणार आहेत. कपाशीच्या पऱ्हाट्या ढिगात रचून पेटवल्या आणि जमीन सपाट करायला घेतली. परवा संध्याकाळी पूर्वेच्या भिंतीलगत ताजे उकीर दिसले, पाच. माती अजून ओली होती. मुलं चिखल कालवायला लागली आणि मी नव्या प्लॉटवाल्याचा नंबर शोधायला घरात गेलो.